सुतकातली मूठ

नेकनूरच्या शाळेला सरकारचा पैसा नव्हता. सरकारी मदरसा होता तो बीडला, आणि तिथं सगळं उर्दूत चालायचं. गावातल्या चार माणसांना वाटलं की आपल्या पोरांना आपल्या बोलीत लिहिता-वाचता यावं. भुसार दुकानाचे मालक कल्याणराव, जातीनं लिंगायत, त्यांनी दुकानामागची ओसरी दिली. दत्तोपंत मास्तर शिकवायला येऊन राहिले. आणि पोरांच्या पोटाचा जिम्मा आसारामनं घेतला.

शिरूरकडच्या कोरड्या रानातली, पाटोद्याच्या डोंगरातली दहा-बारा पोरं शाळेतच राहायची. त्यांच्यासाठी गावानं मूठ काढली होती. बाई पहाटे दळायला बसली की जात्यात पहिला घास टाकण्याआधी जोंधळ्याची एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकायची. ते गाडगं शाळेचं. सोमवारी पोरं टाळ वाजवत, अभंग म्हणत पुढं निघायची आणि मागून आसाराम खांद्यावर पोतं घेऊन. दारात गाडगं तयार असायचं. गावाच्या हाताला याची एवढी सवय झाली होती, की इथल्या लेकी सासरी गेल्यावरही दळताना एक मूठ बाजूला काढायच्या, आणि मग सासू विचारायची, ही कुणासाठी गं?

त्या जोंधळ्याच्या भाकरी थापायची मंजुळाबाई, आसारामची बायको. दोघांना मूल झालं नव्हतं. पोरं तिला माय म्हणायची आणि आसारामला आबा. ती कुणाला जवळ घेऊन कुरवाळणारी नव्हती. ज्याचं नाक वाहतंय त्याचं पुसायची, ज्याची भाकरी राहिली त्याच्यावर ओरडायची. पण पोरं चुलीभोवतीच असायची.

मुठीला एक नियम होता आणि तो आसारामनंच घातला होता. सुतक असलेल्या घरची मूठ घ्यायची नाही. पोरं परगावची, आईबापांनी भरवशावर ठेवलेली. त्यांच्या ताटात सुतकाचं अन्न पडलं असं उद्या कुणी म्हणू नये. एखाद्या घरी कुणी गेलं की आसाराम त्या भावकीतली गाडगी पालथी घालून यायचा आणि दहा दिवसांनी सुलटी करायचा. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. एक भावकी बंद, बाकीचं गाव उघडं.

मग मानमोडी आली.

त्या साली पाऊस आधीच आखडला होता. जोंधळा गुडघ्याएवढा होऊन वाळला. दसऱ्याच्या सुमारास बीडकडून येणाऱ्या गाडीवाल्यांनी खबर आणली की तिकडं माणसं तापानं पटापट मरतात. मान धरते, नाकातून रक्त येतं, दोन दिवसांत खेळ खलास. आठवड्याभरात ती गावात आली. पहिला गेला सटवा, चांगला उभा गडी, सकाळी मोट हाकून आलेला.

त्या सोमवारी आसाराम सटवाच्या दारात गेला. पोरांना त्यानं कोपऱ्यावरच थांबवलं होतं. सटवाची बायको भिवराबाई उंबऱ्यात गाडगं घेऊन उभी होती. गाडगं भरलेलं होतं.

"भिवराबाई, ह्या सोमवारी नगं," आसाराम म्हणाला. "सुतक हाय."

"सुतक मला हाय. धनी माजा गेला. पोरांचं कोण गेलंय?"

"रीत हाय, बाई."

"मंग शिजवा रीत, दाजी, आन् वाढा पोरास्नी."

आसारामनं गाडग्यातला जोंधळा तिच्या सुपात ओतला आणि गाडगं भिंतीशी पालथं घातलं. भिवराबाई त्या सुपाकडं बघत राहिली. नवऱ्याचं प्रेत घरात असतानाही तिनं मूठ चुकवली नव्हती.

सुतक एका घराचं नसतं, भावकीचं असतं. सटवा गेला तशी त्याच्या आडनावाची आठ घरं बंद झाली. त्यांचे दहा दिवस भरायच्या आत त्यांच्यातच दुसरा गेला, आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मग दुसरी भावकी. मग तिसरी. आसाराम गल्लीतून जायचा तेव्हा दोन्ही बाजूंना पालथी गाडगी दिसायची. आत घरात जोंधळा होता. फार नव्हता, पण एका मुठीपुरता सगळ्यांकडं होता. टाळ वाजवणं मास्तरांनी थांबवलं. ज्या गल्लीत तिरडी बांधताहेत तिथून टाळ वाजवत कसं जायचं?

पोरांना घरी धाडावं तर तेही होईना. गावागावांनी वेशीत बाभळीचे काटे टाकले होते. बाहेरचा माणूस आत घेत नव्हते. दोन पोरांना पाटोद्याच्या वाटेवरून परत यावं लागलं.

आसारामचं पोतं तळाशी आलं तेव्हा कल्याणरावांनी त्याला दुकानात बोलावलं. दुकानाचं अर्धं दार लोटलेलं होतं. आतले कणगे रिकामे दिसत होते. बाजार बंद, गाड्या बंद. होतं त्यातलं त्यांनी शाळेला दोनदा दिलं होतं.

"आसाराम, आमच्यात सुतक पाळत न्हाईत, ठाव हाय ना तुला?"

"तुमच्यात न्हाई, शेटजी. पर पोरं आमच्यातली हायत."

"ऐक तर. उद्या भिवराबाई जोंधळा घिऊन माझ्या दुकानात आली, तर मी तिला सुतक इचारतो का? ढिगावर ओतून घेतो. तू आपला ढिगातनं ने. कोणता दाणा कुणाचा, कोण बघतंय?"

"मला ठावं असंल की."

"तुला ठावं असंल म्हणून पोरं उपाशी मारतो का बे?"

आसाराम खाली बघत म्हणाला, "शेटजी, गाव मूठ कावून टाकतंय? आसाराम लबाडी करत न्हाई, म्हणून. मानमोडी आज हाय, उद्या जाईल. मंग लोक म्हणतील, ह्यांनी मेलेल्याच्या घरचं चोरून पोरांच्या तोंडात घातलं. पुन्हा कोण टाकील मूठ?"

आसारामच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. तीच तर अडचण होती.

मंजुळाबाईनं आधी भाकरी लहान केली. मग भाकरी एका वेळची केली आणि दुसऱ्या वेळी आंबील. मग आंबील अशी पातळ झाली की वाटीचा तळ दिसायचा. संध्याकाळी चुलीपुढं बसून ती नवऱ्याला म्हणाली, "अवं, भिवराबाईची मूठ घ्या."

"दोन सोमवार थांब. तिची भावकी मोकळी हुईल."

"मी थांबंन. ती थांबतील का?" तिनं ओसरीकडं मान वळवली. तिकडं पोरं निजली होती. तीन-चार जणांना तापही होता.

"दोनच सोमवार."

"तुमचं बरं हाय. तुमाला पोतं उचलावं लागतं. वाढावं मला लागतं."

ती त्याच्यासोबत जेवायला बसायची नाही. "थापता थापता खाल्लं मी," असं म्हणायची. वीस वर्षांत तिनं कधी थापता थापता खाल्लं नव्हतं. पण त्या दिवसांत कोण कुठं कधी खातंय याकडं बघायला आसारामला उसंत नव्हती. रोज कुणाला तरी खांदा द्यायचा, लाकडं शोधायची. सरपण संपलं तेव्हा लोकांनी गोठ्यांचे वासे काढले.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मंजुळाबाई घागर घेऊन उठली आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत गेली. मान धरली म्हणाली, पाणी मागितलं, आणि ओसरीवरच्या सिदूच्या अंगात अजून ताप आहे का ते विचारलं. नंतर तिला बोलता आलं नाही. आसाराम तिच्या ओठावरचं रक्त पुसत होता आणि ते पुन्हा येत होतं.

आंघोळ घालायला दोन बायका मिळाल्या. त्यांनी तिला उचललं तेव्हा त्यातली एक म्हणाली, "काय हालकी झालतीस गं, मंजुळे."

आसाराम दाराबाहेर उभा होता. त्यानं ते ऐकलं. मानमोडी खात्यापित्या माणसांनाही नेत होती, हे त्याला माहीत होतं. सटवा काही उपाशी नव्हता. तरी ते वाक्य त्याच्या कानातून गेलं नाही. पुढंही कधी गेलं नाही.

घरात मीठ कुठं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. राख सावडून आला त्या दिवशी तो डबे उघडून बघत बसला.

मास्तरांनी दोन दिवस पोरांना स्वतः आंबील करून दिली. मग दाणा उरला नाही. कल्याणरावांचं अख्खं घर तापानं आडवं होतं. आसारामच्या घरात पेरणीसाठी बांधून ठेवलेला दोन पायली जोंधळा तेवढा होता. तो त्यानं दळला, बायकोच्या जात्यावर, बायकोच्या जागी बसून. भाकरी थापल्या. त्या गोल झाल्या नाहीत, काठाला फाटल्या. टोपलीत घालून तो ओसरीवर गेला आणि पोरांपुढं एकेक ठेवली.

पोरं बसली होती, पण हात कुणी लावेना.

"खा रं," आसाराम म्हणाला.

मास्तर खांबाला टेकून उभे होते. त्यांनी नजर खाली केली. सिदू, शिरूरकडच्या धोंडीरामचा पोरगा, नऊ-दहा वर्षांचा, तापातून कालच उठलेला, भाकरीकडं बघत म्हणाला, "आबा, तुमाला सुतक हाय."

"व्हय."

"मंग आमाला कसं चालंल?"

त्यात उर्मटपणा नव्हता. दर सोमवारी आबांच्या पुढं चालून पोरगं जे शिकलं ते त्यानं सांगितलं. त्याच्या ओठांच्या कडा फाटल्या होत्या. भाकरीचा वास येत होता आणि दहा पोरं आपापले हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

टोपली हातात तशीच धरून आसाराम उभा राहिला.

भिवराबाई आडावरून पाणी घेऊन चालली होती. ओसरीवर एवढी माणसं गप्प बघून थांबली. घागर कडेवरच होती. तिनं भाकरी बघितल्या, पोरं बघितली, आणि काय झालंय ते कुणी न सांगता तिला कळलं. आसाराम मनात म्हणाला, आता ही बोलणार, आणि बोलली तर बरोबरच आहे.

ती त्याला काही बोलली नाही. पोरांना म्हणाली, "का रं, मंजुळा तुमची कोण व्हती?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"काय म्हणत व्हता तिला?"

"माय," कुणीतरी म्हणालं.

"तोंडानं माय म्हणता, आन् ती मेली तर सुतक पाळत न्हाई? कुठली रीत ही? तुमच्या आबानं शिकवली का?"

सिदूनं विचारलं, "मंजी आमालाबी सुतक हाय?"

"हाय तर."

"मंग ह्ये चालंल?"

"सुतकाला सुतकाचं चालतं. खा."

सिदूनं आसारामकडं बघितलं. मग मास्तरांकडं. मास्तर काहीतरी बोलणार होते. शास्त्रात रक्ताच्या नसलेल्या माणसाचं सुतक तीन दिवसांचं असतं, असं काहीतरी. पण त्यांनी तोंड उघडून मिटलं आणि मान हलवली. सिदूनं भाकरी मोडली. मग सगळ्यांचे हात बाहेर आले. भिवराबाई घागर सावरून निघून गेली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की शाळेला सुतक आहे. मग ज्या घरांची गाडगी पालथी होती त्या घरांतून जोंधळा यायला लागला. सुतकाच्या घरचा दाणा सुतकाच्या घरी जातो, त्यात कुणाला अडचण नव्हती. बायका ओच्यातून आणायच्या, ओसरीच्या कडेला ओतून जायच्या. ज्यांच्या घरी परवा पोर गेलं होतं त्याही आल्या. एक बाई दोन मुठी घेऊन आली. एक शाळेची म्हणाली, आणि एक माझ्या लेकाची, तो आता खात न्हाई. पोरं उठून बसायला लागली. ताप होता त्यांनाही उतार पडला. त्या दहा दिवसांत ओसरीवरचं एकही पोर गेलं नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मास्तर आसारामच्या घरी आले.

"आसाराम, उद्या तू डोकं करशील. पोरांचं करू नकोस. ज्यांचे आईबाप जिवंत आहेत त्यांच्या डोक्याला वस्तरा लावणं चांगलं नाही. लोक काय म्हणतील?"

"आन् न्हाई केलं तर काय म्हणतील, मास्तर?"

दोघांनाही ते माहीत होतं. लोक म्हणतील, सुतक खाण्यापुरतं होतं. बायांनी ओच्यातून आणलेला दाणा फसवून घेतला. मग मंजुळा पोरांची कुणी नव्हती, आणि आसारामनं गावाला खोटं सांगितलं. ज्या गोष्टीला तो सुरुवातीपासून भीत होता ती याच वाटेनं येणार होती.

न्हावी मानमोडीत गेला होता. आसारामनं त्याच्या बायकोकडून वस्तरा आणला आणि ओढ्याच्या डबक्याकाठी पोरांना ओळीनं बसवलं. सिदू पहिला बसला. आसारामचा हात सवयीचा नव्हता, दोन-तीन ठिकाणी लागलं. पोरगं हललं नाही. एकदाच म्हणालं, "गार लागतंय." सगळ्यांचं झाल्यावर पोरांनी ओढ्यात बुड्या मारल्या आणि कुडकुडत, मंजुळामायच्या नावानं पाणी सोडलं. आसारामला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. आपल्यामागं आपलं करणारं कुणी नाही, असं ती म्हणायची.

शाळा मानमोडीनं मेली नाही. ती त्या डोक्यांनी मेली.

थंडी पडली तशी साथ ओसरली आणि वेशीतले काटे निघाले. पोरांचे आईबाप चौकशीला यायला लागले. पहिली आली पाटोद्याकडची तुळजाबाई. तिचं पोरगं ओसरीवरून पळत गेलं. तिनं त्याचं डोकं बघितलं आणि रस्त्यात बसकण मारली.

"मी जित्ती हाय रं! मी जित्ती असताना बोडलं ह्याला? कुणी बोडलं? कुणाच्या नावानं?"

आसाराम पुढं झाला. "बाई, माझ्या..."

"तुमची बायकू मेली तर तुमी बोडा! माझं लेकरू कावून? माझ्या मरणाची वाट बघत व्हता का?"

तिला कुणी समजावू शकलं नाही. पोरगं बरं आहे, अंगानं भरलंय, हे तिला दिसत होतं. त्याचा हात धरून तिनं त्याला नेलं. पाटी-दप्तरही घेतलं नाही. वाटेवरच्या प्रत्येक गावात ती बोलली असणार. मग येणारा प्रत्येक बाप आधी पोराच्या डोक्याकडं बघायचा. भांडण कुणी तुळजाबाईएवढं केलं नाही. गाठोडं बांधायचे आणि निघायचे. कल्याणराव अंगणात घोंगडी पांघरून बसलेले असायचे. ते म्हणायचे, "पुढल्या साली धाडा." समोरचा म्हणायचा, "बघू."

शेवटी सिदू एकटा राहिला. मास्तर त्याला एकट्यालाच शिकवत होते.

धोंडीराम आला तो दुपारचा. उंच, वाळलेला माणूस, पायाला चिंध्या बांधलेल्या. सिदू ओढ्यावर गेला होता. धोंडीराम पायरीवर बसला. आसारामनं पाणी दिलं. त्यानं ते शेजारी ठेवलं.

"पोराला बोडलंत म्हणं. वाटंत कळलं."

"व्हय. मीच."

"त्याची माय गेली."

आसारामनं खांब धरला. तुळजाबाईनं जे बोलून दाखवलं होतं ते समोर येऊन बसलं होतं. "कवा?"

"दिवाळीच्या आदल्या सोमवारी."

आसाराम हळूच म्हणाला, "माझी पाडव्यानंतर गेली. पोरांचं डोकं त्याच्यामागनं दहा दिवसांनी केलं."

धोंडीराम जमिनीकडं बघत होता. बोटानं पायरीवरची धूळ इकडून तिकडं करत होता.

"म्हंजी ह्यानं डोकं केलं तवा ती गेलतीच."

"व्हय."

"आमच्या वस्तीवर उचलायला माणूस न्हवता," तो म्हणाला. "मी एकल्यानं माती दिली. जाळायला लाकूडबी न्हाई. दहावं न्हाई, काई न्हाई. मला वाटलं, तिचं कुणीच केलं न्हाई."

धोंडीराम तांब्या उचलून पाणी प्याला.

"त्याला सांगायचं हाय अजून," तो म्हणाला. "मी चार दिवस चालतोय, चार दिवस तेच म्हणतोय, कसं सांगू. मला न्हाई व्हायचं. तुमी सांगा."

"मी?"

"एका मायचं जाणं त्यानं तुमच्याकडं सोसलंय."

सिदू ओढ्याकडून आला. बापाला बघून पळाला, आणि चार पावलांवर थांबला, कारण बाप उठला नाही. आसारामनं त्याला जवळ बोलावलं आणि पुढ्यात बसवलं. लांबण लावली नाही. "सिदू, तुझी माय गेली," म्हणाला. "मानमोडीनं. मंजुळामायच्या आदी."

सिदूनं बापाकडं बघितलं. बाप पायाच्या चिंध्या सोडून पुन्हा बांधत होता. पोरगं रडलं नाही, किंवा रडू अजून आलं नव्हतं. त्यानं डोक्यावरून हात फिरवला. केस बोटाच्या पेराएवढे वाढले होते.

"मंग आता पुन्यांदा बोडायचं का, आबा?"

"न्हाई," आसाराम म्हणाला. "झालंय तुझं."

उन्हं कलायच्या आत दोघं निघाले. मास्तरांनी पाटी दिली, ती सिदूनं काखेत धरली. आसाराम वेशीपर्यंत गेला. परत आला तेव्हा मास्तर ओसरीवरची सतरंजी गुंडाळत होते. त्यानं दुसरं टोक धरलं.